हाताला लागतं का

किल्ल्या सापडेनात म्हणून मी अर्धा जिना उतरून परत वर आलो. शर्टाचा खिसा पाहिला, पँटचे पाहिले, डब्याच्या पिशवीत पाहिलं, दारामागच्या खुंटीवर पाहिलं, चपलांच्या फळीखाली वाकून पाहिलं, आणि वाकल्या वाकल्या माझा पारा चढायला लागला, की या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ. बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा. हातात काय आहे मग?" हातात किल्ल्या होत्या. चांगला भरगच्च जुडगा, शटरची, कपाटाची, मोटरसायकलची, सगळ्या. मी हसलो. म्हातारा झालो म्हटलं. "तरुण कधी होतात?" म्हणाली आणि आत गेली. जिना उतरताना मी जुडगा मुठीत आवळून धरला होता आणि प्रत्येक पायरीवर मुठीकडे बघत होतो. किल्ल्या आहेत हे मला दिसत होतं. नुसतं दिसत होतं.

विसरलो असतो तर परवडलं असतं. विसरणं सगळ्यांना होतं, त्यावर घरात हसता येतं. पण मी विसरलो नव्हतो, मी शोधत होतो, त्याच हाताने शोधत होतो. मागे डॉक्टरने रक्तात साखर सांगितली तेव्हा विचारलं होतं, बोटांना मुंग्या येतात का. मी म्हटलं, साखर म्हटल्यावर मुंग्या येणारच की. तो हसला, बायको हसली, त्याने गोळ्या लिहून दिल्या आणि विषय तिथेच मिटला. येत होत्या मुंग्या, खोटं कशाला बोलू. दोन्ही हातांना यायच्या, झोपेत तर जास्तच. मग केव्हातरी थांबल्या. मला वाटलं, गोळ्यांचा गुण आला. बायकोला कौतुकाने सांगितलंसुद्धा, मुंग्या गेल्या बरं का. तिलाही बरं वाटलं. त्या गेल्या म्हणजे काय झालं, हे विचारायचं आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. रस्त्याने जाताना मी आज सगळ्याला हात लावत गेलो. कठड्याला, भिंतीच्या गिलाव्याला, उभ्या गाड्यांच्या बॉनेटना. एका गाडीवाल्याने आतून काच खाली केली आणि काय पाहिजे विचारलं. जोरात दाबलं की कळत होतं काहीतरी आहे. दात काढताना इंजेक्शन देतात तेव्हा ओठ असतो पण आपला नसतो, तशी बोटं. असं आजच झालं की रोजच होतं आणि मी आज पाहिलं, ते मला सांगता येईना. वर्कशॉपचं शटर वर ढकलताना मी ते दोनदा पाहून घेतलं, की हात पट्टीवरच आहे ना.

आत लोखंडी घोडीवर मुलीचं इंजिन चढवलेलं होतं, वर जुनी चादर टाकलेली. आमची मुलगी घाटातल्या शर्यतीत गाडी चालवते. जावईही चालवतो, तिथेच जमलं दोघांचं. एकेक गाडी खालून सोडतात, वर कमी वेळात पोचेल तो जिंकला. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. बायको कधी बघायला जात नाही, ती त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासायला काढते. दोघांची इंजिनं मी बांधतो. बांधतो म्हणजे मूळ इंजिन सुटं करून, घासून, तासून, जास्त ताकदीचं करून परत जोडतो. जावईबापूंचं गेल्या हिवाळ्यात जोडलं होतं आणि आज सकाळीच ते गाडी घेऊन सरावाला वर गेले होते. मुलीचं या रविवारसाठी. त्यातलं सगळं झालं होतं, राहिला होता मॅनिफोल्ड. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाचं नाक, हवा त्यातून आत जाते. कंपनीचा असतो तो इंजिनाबरोबरच जन्मतो म्हणून बसतो. हा बाहेरून मागवलेला, जास्त हवा ओढणारा, चार आखूड गळ्यांचा, चकचकीत. जावयाला लावला त्याचाच भाऊ. खोक्यावर लिहिलेलं, काढा, लावा, चालवा. ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात काही लावलेलं नसणार.

बाहेरून आलेली वस्तू कितीही गुणाची असो, आधी कोरडी बसवून पाहायची. मध्ये गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी मऊ पट्टी, घालायचं नाही, ते सगळ्यांची पापं पोटात घेतं. धातूवर धातू ठेवायचा. कोपऱ्यांवर तळवा दाबून डुगडुगतो का बघायचं. बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या चिमटीने फिरवायचे. एखादा अडला तर भोक सरकलंय समजायचं. आणि शेवटी एकेका गळ्यात बोट घालून तळाशी, जिथे मॅनिफोल्ड संपतो आणि इंजिन सुरू होतं, त्या सांध्यावरून गोल फिरवायचं. हाताला लागलं तर बसलं नाही. काही लागलं नाही तर बसलं. बस, एवढंच शास्त्र. मामाने मला हे शिकवलं. मामा म्हणजे माझा सख्खा मामा, हे वर्कशॉप त्याचं. तो मामीचा एक लांब केस तोडून घ्यायचा, बाकावर ठेवायचा, वर कागद पसरायचा आणि मला म्हणायचा, डोळे मीट, सांग कुठे आहे. सापडला की दुसरा कागद. मामी ओरडायची, तुमच्या धंद्यापायी मला टक्कल पडणार. मी दोन कागदांपर्यंत पोचलो होतो. पुढे मी हाच खेळ मुलीशी खेळलो, ती चौथीत असताना तीन कागदांखालचा केस काढायची आणि वर सांगायची, हा आईचा नाही, आजीचा आहे, जाड आहे. मी गल्लीभर सांगत फिरलो होतो. मामा म्हणायचा, न बसलेला सांधा हवा चोरतो. चोरलेल्या हवेला पेट्रोल पुरत नाही, त्या एका सिलिंडरमधली आग भलतीच तापते, पिस्टनचा माथा लोण्यासारखा मऊ पडतो आणि एका क्षणी सगळं इंजिन जागच्या जागी आवळतं. सपाट रस्त्यावर झालं तर माणूस शिव्या देत उतरतो. वळणावर झालं तर चाकं अडकतात आणि गाडी ज्या तोंडाने निघालेली असते त्या तोंडाने जाते.

चादर काढली, मॅनिफोल्ड वर ठेवला, बोल्ट चिमटीत धरले. पहिला खाली पडला. दुसरा पडला. मी खाली वाकून ते शोधले आणि या वेळी बोटांकडे बघत, दोरा ओवावा तसे लावले. मग डोळे मिटून पहिल्या गळ्यात बोट घातलं. काही लागलं नाही. दुसऱ्यात काही लागलं नाही. तिसऱ्यात, चौथ्यात, काही नाही, काचेवरून हात फिरवावा तसं. "बसलं," माझ्या तोंडून गेलं. शेजारचा लेथवाला चहाचा ग्लास घेऊन दारात उभा होता, आमची वीस-पंचवीस वर्षांची खुन्नस आणि दोस्ती. म्हणाला, "मांजर आहे का ते, कुरवाळत बसलायस? फिलर घाल आणि मोकळा हो." मी म्हटलं, फिलर तुझ्यासारख्यांसाठी असतो, ज्यांच्या हाताला भरवसा नाही. फिलर म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा पंखा, फटीत कितवं पातं शिरतं त्यावरून फट मोजतात. मामाने तो आणला होता, पण तेल लावून डबीत ठेवला होता, वापरला कधी नाही. लेथवाला ग्लास ठेवून गेला. रोज तो गेला की मी ग्लास विसळतो. आज मी डबी उघडली. सहज म्हणून उघडली, असं मी स्वतःला सांगितलं, स्वतःशी बोलतानाही माणूस किती थापा मारतो. पहिल्या सांध्याला सगळ्यात पातळ पातं गेलं नाही. दुसऱ्याला गेलं नाही. तिसऱ्याला गेलं. मी त्याहून जाड घेतलं, तेही गेलं. त्याहून जाड घेतलं, ते थोडं अडखळलं आणि गेलं. पातं तिथेच सोडून मी परत बोट घातलं. बोट म्हणालं, काही नाही. आयुष्यभर असं भांडण झालं की मी बोटाच्या बाजूने उभा राहिलोय.

माझ्या खांद्यावर बायकोचा एक केस होता, पांढरा, लांब. मी तो बाकावर ठेवला. भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून वर पसरलं आणि डोळे मिटले. एकच कागद. मी डावीकडून उजवीकडे गेलो, वरून खाली गेलो, हळू गेलो, जोर देऊन गेलो, मधल्या बोटाने पाहिलं, करंगळीने पाहिलं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं म्हातारा टेबल पुसतोय. एकदा लागल्यासारखं वाटलं म्हणून डोळे उघडले, तर ती कागदाची घडी होती. केस कागदाच्या कडेबाहेर दोन्हीकडे डोकावत होता आणि मी त्याच्यावरून जात-येत होतो. मला तेव्हा भीती वाटली. ती हातांची नव्हती. हातांचं म्हणाल तर मला हसूच आलं. कारण मला आठवलं की गेलं वर्षभर मी काय बढाया मारत होतो. पूर्वी एक मॅनिफोल्ड बसवायला दोन-दोन दिवस जायचे, लावा, काढा, घासा, परत लावा. हल्ली लावला की बसतो. पहिल्या खेपेला. हे बाहेरचे लोक सुधारले असं मी आधी म्हणत होतो, आणि नंतर म्हणायला लागलो की आता खरा हात बसला माझा. जेवताना मुलीला म्हटलं होतं, जावयाला म्हटलं होतं. जावई म्हणाला होता, बाबा, तुमच्या हाताचा विमा काढायला पाहिजे. बसला होताच हात. मुलीच्या हळदीच्याही आधी बसला असणार.

मग शिट्टी आठवली. मागच्याच महिन्यात जावई म्हणाला होता, बाबा, इंजिन थंड असताना बारीक शिट्टी वाजते, तोंडाने वारा ओढल्यासारखी, तापलं की जाते. मी हातातलं काम खाली ठेवलं नाही. "नवीन आहे, बसेल," म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणताय ना, मग बसेल." चांगला मुलगा आहे. माझ्या शब्दाला शब्द लावत नाही, त्याचा मला फार अभिमान होता. आमच्या धंद्यात इंजिन आवळून बंद पडलं की त्यालाही इंजिन बसलं असंच म्हणतात. हे मी इतकी वर्षं बोलत आलो आणि कधी कानाला खटकलं नव्हतं. मी फोन हातात घेतला. वर्कशॉपात मी तो कायम आवाज बंद करून थरथरीवर ठेवतो, कामाच्या मधेच वाजला की माझं डोकं फिरतं. जावयाचं नाव काढलं. त्याला काय सांगायचं होतं? आहे तिथे गाडी बंद कर आणि ढकलत खाली आण. का, म्हणून विचारेल. विचारणार नाही म्हणा, तो ऐकेल, पण खाली येऊन मुलीशी बोलेल, आणि मुलगी विचारेल. मग ते सगळं येईल, डॉक्टर, मुंग्या, बायकोचा चेहरा, लेथवाला, आणि घोडीवरचं इंजिन दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल, जो फिलर घेऊन येईल. मी शटरच्या बाहेर बघत बसलो. समोरच्या भिंतीवर ऊन होतं, ते खाली सरकत होतं. फोन माझ्या मुठीत होता. शिट्टी बारीकच आहे असं मी मनाशी धरलं. इतके महिने चाललंय ना, आजही चालेल, दुपारी जेवायला येईल तेव्हा म्हणू, दाखव जरा आणून, सहज बघतो. हे ठरल्यावर मला चक्क हलकं वाटलं. किती वेळ तसा बसलो होतो कुणास ठाऊक. फोन बाकावर पालथा टाकला आणि तिसऱ्या सांध्यावर कानस चालवायची की गॅस्केट जाड घालून झाकायचं, त्याचा विचार करायला लागलो.

तेवढ्यात मुलगी आली. हेल्मेट काखेत, तोंडात अर्धा बिस्किटाचा तुकडा. "बसलं?" तिने दारातूनच विचारलं.

"बसलं," मी म्हणालो. सवयीने म्हणालो, पण म्हणालो.

"तुझा जावई फोन उचलत नाहीये. वर रेंज नसेल," असं म्हणत तिने हेल्मेट ठेवलं आणि घोडीपाशी गेली. तपासायला नाही, माझं काम ती कधी तपासत नाही. लहानपणापासूनची खोड, समोर भोक दिसलं की बोट घालायचं. पहिल्यात घातलं, दुसऱ्यात घातलं. तिसऱ्यात घातलं आणि चावायची थांबली.

"बाबा, इथे लागतंय."

"काही लागत नाही. मी पाहिलंय."

"अरे, लागतंय की. चांगली पायरी आहे. एका बाजूला तर नुसती धार आहे, पातं असावं तशी." ती हसत होती, मी चेष्टा करतोय असं तिला वाटत होतं. "आण तुझं बोट." तिने माझा उजवा हात धरला, लहान मुलाला अक्षर गिरवायला धरतात तसा, बोट गळ्यात घातलं आणि तळाशी नेऊन दाबून फिरवलं. "हे बघ. इथून सुरू. इथे. आणि इथे. लागलं?"

"नाही."

तिने बोट बाहेर काढलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, लागलं तुला."

"नाही लागत म्हणतोय ना," मी चिडून म्हणालो. "किती वेळा सांगू, काही नाही लागत तिथे."

ती सांध्याकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती. मीही पाहिलं. बोटाचं टोक आडवं फाटलं होतं, चांगलं खोल, आणि रक्त तळव्यावरून मनगटात उतरून बाकावरच्या कॅलेंडरच्या पानावर पडत होतं. पानाखालून बायकोचा केस बाहेर आलेला होता. मुलीने तो पाहिला. शेजारी उघडी पडलेली फिलरची डबी पाहिली. ती मामाची डबी उघडी तिने जन्मात पाहिली नव्हती. माझी पोरगी हुशार आहे, तिला काही समजावून सांगावं लागत नाही, आणि या वेळी मला ते फार लागलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तिने स्वच्छ फडकं शोधलं, माझं बोट त्यात गुंडाळलं, घट्ट आवळलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला महिना आठवत नव्हता. इंजिनं आठवत होती. कुठलं शेवटचं दोन दिवस घासावं लागलं होतं आणि कुठलं पहिलं एका खेपेत बसलं. ते पहिलं कुठलं ते मला माहीत होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघता बघता तिलाही कळलं. तिच्या हातातलं फडकं सैल झालं.

"त्याचं पण?"

"त्याला थांबव," मी म्हणालो. "गाडी बंद कर म्हणावं. आहे तिथे. एक वळणसुद्धा पुढे जाऊ नकोस म्हणावं." मी डाव्या हाताने बाकावरचा फोन उचलला आणि तिला द्यायला म्हणून पुढे केला, पण बोलायचा थांबलो नाही. मला एकाएकी सगळं सांगायचं होतं. शिट्टी, डॉक्टर, सकाळच्या किल्ल्या. मी सकाळीच लावणार होतो गं फोन, नाव काढलं होतं, हातात होता फोन माझ्या. ती माझ्या मुठीकडे बघत होती.

"बाबा. वाजतोय तो."

मी मूठ उघडली. फोन तळहातावर थरथरत होता, थरथरत थरथरत बोटांकडे सरकत होता, आणि पडद्यावर उजेड होता. जावईबापू. मी बाकाचा आधार घेतला. मुलीने डोळे मिटून श्वास सोडला आणि तोंडावर हात धरून हसली की रडली, एकच आवाज आला. "शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुझ्या नवऱ्याला," मी म्हणालो, "आत्ता नाव काढलं." मी पडद्यावर बोट फिरवलं. फिरवलं, परत फिरवलं, कुठे टेकतंय आणि कुठे नाही ते समजेना. शेवटी तिनेच तिच्या बोटाने घेतला आणि आवाज मोठा केला.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग कुणीतरी खडीवरून चालत आल्याचा आवाज, आणि लांबून, बारीक, न थांबणारी शिट्टी, की ती माझ्याच कानात होती कोण जाणे. माणूस दुसराच होता. वयस्क, दम लागलेला, शब्द जपून बोलणारा.

"हॅलो. हा फोन इथे खाली सापडला. यांनी मघाशी दोन वेळा तुम्हालाच लावलेला दिसतोय, उचलला नाही तुम्ही." तो थांबला. त्याने कुणाला तरी बाजूला व्हा म्हटलं. "तुम्ही यांचे कोण लागता?"